शेवटच्या ओळीवरून मार्क मोजू नका

एका आईने विचारलंय. मुलगी दहावीला आहे. आज बीजगणिताचा पेपर झाला. केंद्रावरून घरी आली तेव्हा चेहरा बरा होता. मग मोबाईल घेऊन मैत्रिणींच्या ग्रुपवर उत्तरं जुळवायला बसली आणि तासाभरात "आई, माझे दहा मार्क गेले" म्हणून रडायला लागली. जेवली नाही. परवा भूमितीचा पेपर आहे. मोठा मुलगा बारावीत आहे, सीईटीला बसणार आहे. तो म्हणतो, उत्तरं जुळवलीच पाहिजेत, नाहीतर कळणार कसं? वडील म्हणतात, पेपर दिला की विषय संपला. आईचे प्रश्न दोन आहेत: मुलांना उत्तरं जुळवू द्यावीत की नाही, आणि मुलीचे दहा मार्क खरंच गेले का? सोबत मुलीला चुकलेली वाटणारी तीन गणितं आणि तिला आठवतात ती तिची उत्तरं लिहून पाठवली आहेत.

ताई, मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवते. बोर्डाच्या गणिताचे गठ्ठे तपासलेत, पुढे काही वर्षं नियामक म्हणून दुसऱ्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकाही पाहिल्या. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मुलगी आत्ता त्यासाठी रडतेय. तुम्ही पाठवलेली तिन्ही गणितं मी वहीत सोडवून पाहिली. दहा मार्क गेलेले नाहीत. माझ्या अंदाजाने फार तर दीड गेलाय. कसं ते एकेक करून सांगते. हे तिला वाचून दाखवा.

पहिलं गणित तीन मार्कांचं. दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या कोणत्या? ग्रुपवर सगळ्यांचं उत्तर १० आणि १२. तुमच्या मुलीचं १२ आणि १४. इथे चूक तिचीच आहे, ते लपवून काही उपयोग नाही. १२ चा वर्ग १४४, १४ चा वर्ग १९६, बेरीज ३४०. २४४ येत नाही. पण ती चूक कुठे झाली असेल ते बघा. पहिली संख्या क्ष आणि दुसरी क्ष + २ मानली, हे बरोबर. क्ष² + (क्ष + २)² = २४४, हे बरोबर. कंस सोडवून, दोनाने भागून क्ष² + २क्ष − १२० = ०, हेही बरोबर असणार, कारण त्याशिवाय १२ हा आकडा येतच नाही. मग अवयव पाडताना (क्ष + १२)(क्ष − १०) लिहायच्या ऐवजी तिने (क्ष − १२)(क्ष + १०) लिहिलं. चिन्हांची अदलाबदल झाली, बाकी काही नाही.

आता हे गणित परीक्षकासमोर कसं येतं ते सांगते. पेपर झाल्यावर मुख्य नियामकांच्या बैठकीत नमुना उत्तरं आणि गुणदान योजना ठरते. तीन मार्कांचं गणित अर्ध्या-अर्ध्या मार्कात वाटलेलं असतं: मानलेल्या संख्या, अटीवरून मांडलेलं समीकरण, त्याचं सामान्य रूप, अवयव, क्षच्या किमती आणि त्यातली ऋण किंमत का सोडली ते, शेवटी उत्तर. दरवर्षी वाटणी तंतोतंत अशीच असेल असं नाही, पण घडण हीच. परीक्षक वरून खाली वाचत येतो आणि चूक जिथे सापडते तिथे थांबून तोवरचे मार्क देतो. तुमच्या मुलीच्या वरच्या तीन पायऱ्या बरोबर आहेत, म्हणजे दीड मार्क तिच्या नावावर आहे. ग्रुपवर मात्र तिन्ही गेले. ग्रुपवर शेवटची ओळच येते, वरच्या पाच ओळी कोणी टाकत नाही.

दुसरं गणित चार मार्कांचं. एक दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज ८८ आहे. एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा २ ने मोठा आहे. ती संख्या कोणती? ग्रुपवर एकीने टाकलं, "क्ष = ३, य = ५". खाली बारा जणींनी "हो, हो, सेम" लिहिलं. तुमच्या मुलीचं क्ष = ५, य = ३. तिथे तिच्या पोटात गोळा आला.

तिला एवढंच विचारा: "क्ष म्हणून तू काय मानलं होतंस?" मला खात्री आहे, तिने एकक स्थानचा अंक क्ष मानला असणार. बाकीच्यांनी दशक स्थानचा. दोन्ही वाटांनी संख्या येते ३५. तीस आणि पाच, उलट केली की त्रेपन्न, बेरीज अठ्ठ्याऐंशी. चारपैकी चार. गणितात अक्षर आपण ठरवतो, त्यामुळे दोघींच्या क्षचा अर्थ वेगळा असू शकतो, हे वर्गात कितीदा सांगितलं तरी पेपरच्या दिवशी मुलं विसरतात. आमच्या शाळेच्या आवारात लिंबाखाली अशाच गणितावरून दोन मुलं हातघाईवर आलेली मी पाहिली आहेत. दोघांचं बरोबर होतं.

तिसरं गणित मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तीन मार्कांचं आहे. १ आणि १४० यांच्या दरम्यान ४ ने भाग जाणाऱ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज काढा. तुमच्या मुलीचं उत्तर २३८०. ग्रुपवर जवळजवळ सगळ्यांचं २५२०. कोणत्या तरी क्लासच्या म्हणून फिरत असलेल्या सोडवलेल्या पेपरातही २५२० असल्याचं तुम्ही लिहिलंय.

ताई, तुमची मुलगी बरोबर आहे. ग्रुप चूक आहे. 'दरम्यान' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. १ आणि १४० यांच्या दरम्यान म्हणजे १४० धरायचे नाहीत. मग श्रेढी ४, ८, १२ अशी जाऊन १३६ ला थांबते. पदं ३४. बेरीज म्हणजे ३४ भागिले २ गुणिले (४ + १३६), म्हणजे १७ गुणिले १४०, म्हणजे २३८०. बाकीच्यांनी १४० ला चाराने भाग जातो हे बघितलं आणि तो शेवटचा धरला. त्यांची पदं झाली ३५ आणि बेरीज बरोबर १४० ने वाढली. दोन उत्तरांतला फरकच सांगतो की चूक कुठे आहे.

म्हणजे दहा मार्कांच्या यादीत एका गणितात दीड गेला, एक पूर्ण बरोबर, आणि एकात तीच एकटी बरोबर. तरी मुलगी उपाशी झोपायला निघाली आहे. तिला उठवा, चार घास खायला लावा आणि मग पुढचं वाचा.

हे इतकं उलटंपालटं होण्यामागे काही कारणं आहेत, आणि ती दरवर्षी तीच असतात.

एक म्हणजे आठवण. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाशिवाय काही लिहायचं नसतं. त्यामुळे मुलीच्या हातात उत्तरांची नोंद नसते, असते ती फक्त आठवण. दोन तासांत वीस-बावीस छोटी-मोठी गणितं सोडवून बाहेर आलेल्या मुलीला आपण खाली नेमकं काय लिहिलं ते नीट आठवत नाही. कच्च्या कामातला आकडा आठवतो आणि तोच उत्तर म्हणून डोक्यात बसतो. निकालानंतर मागवलेल्या आपल्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती घेऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत, "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणणारी. चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही.

दुसरं, पेपरातले पर्याय. गणित भाग १ चा, म्हणजे बीजगणिताचा, पेपर ४० मार्कांचा. त्यात पहिला प्रश्न सोडला तर पुढे सगळीकडे निवड आहे. दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन कृती (रिकाम्या चौकटी भरून पूर्ण करायची गणितं) आणि पाचपैकी चार उपप्रश्न. तिसऱ्यात दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन गणितं. चौथ्यात तीनपैकी दोन, पाचव्यात दोनपैकी एक. ग्रुपवर मात्र सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात. मुलगी न सोडवलेल्या गणिताचंही उत्तर बघते आणि "मला हे आलंच नसतं" म्हणून घाबरते. जे सोडवायचंच नव्हतं त्याचं ओझं कशाला?

तिसरं, एकाच उत्तराची दोन रूपं. कुणाचं २/६ असतं, कुणाचं १/३. कुणी श्रेढीचं सामान्य पद ७ + (न − १)४ असं ठेवलेलं असतं, कुणी ४न + ३ केलेलं असतं. जीएसटीच्या गणितात एकीने केंद्राचा कर लिहिलेला असतो, दुसरीने केंद्र आणि राज्य मिळून एकूण. परवा भूमितीत तर हे आणखी होणार. मनोऱ्याची उंची एकीची २०√३ मीटर, दुसरीची √३ ची किंमत १.७३ घेऊन ३४.६ मीटर. वृत्तचितीची त्रिज्या ७ आणि उंची १० असेल, तर पायची किंमत २२/७ घेतली की घनफळ १५४०, आणि ३.१४ घेतली की १५३८.६. प्रश्नात जी किंमत दिली असेल ती घ्यायची, हे खरं. पण १५४० आणि १५३८.६ बघून "माझं चुकलं" म्हणणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात.

चौथं कारण मला सगळ्यांत जास्त सलतं. मुलं बहुमताने उत्तर ठरवतात. पंधरा जणींचं एक आणि आपलं वेगळं, म्हणजे आपलं चूक. निवडणुकीत हे चालतं, गणितात चालत नाही. गणितात नेहमीच्या चुका नेहमीच्याच जागी होतात, म्हणून खूप मुलं एकदमच त्याच खड्ड्यात पडतात. वरचं १४० चं गणित हा त्याचा नमुनाच. आणि पेपर संपून तास होतो न होतो तोच घाईघाईने सोडवून फिरवलेल्या कागदांवर तर अजिबात विश्वास टाकू नये. मी स्वतः असे कागद तपासून पाहिले आहेत. शेवटच्या दोन प्रश्नांत चुका सापडल्या नाहीत असं क्वचित झालंय.

आपल्या भाषेत यासाठी चांगला शब्द आहे, ताळा. आमच्या गुरुजींच्या वेळी भागाकार झाला की ताळा केल्याशिवाय पाटी पुसता येत नसे. उत्तर बरोबर आहे की नाही हे शेजाऱ्याला विचारायचं नसतं, प्रश्नाला विचारायचं असतं. १० आणि १२ बरोबर आहेत, कारण १०० अधिक १४४ म्हणजे २४४, ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलंय म्हणून नव्हे. तुमच्या मुलीने परीक्षेत १२ आणि १४ आल्यावर वीस सेकंद ताळा केला असता तर अवयवांतली चूक तिथेच दिसली असती. हे तिला आज रागावून सांगू नका. परवाच्या पेपरासाठी सांगा. २०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं जादा देतं. ती दहा मिनिटं ताळ्यासाठीच आहेत, असं मी मुलांच्या डोक्यात भरते.

इंग्लंडातला एक प्रसंग सांगते, कारण तो याच मुद्द्याचा आहे. जून २०१५ मध्ये तिथल्या सोळा वर्षांच्या मुलांच्या गणिताच्या परीक्षेत, जीसीएसईमध्ये, हॅनाच्या गोळ्यांचं एक गणित आलं होतं. पिशवीत क्ष गोळ्या, त्यांतल्या ६ नारिंगी, बाकी पिवळ्या. हॅनाने न बघता एक काढून खाल्ली, मग दुसरी काढून खाल्ली. दोन्ही नारिंगी असण्याची संभाव्यता १/३ आहे. तर क्ष² − क्ष − ९० = ० हे दाखवा. पेपर सुटल्यावर मुलांनी ट्विटरवर नुसता कल्लोळ केला, वर्तमानपत्रांतही ते गणित छापून आलं. खरं तर पहिली गोळी नारिंगी निघण्याची संभाव्यता ६/क्ष आणि मग दुसरी ५/(क्ष − १), त्यांचा गुणाकार १/३ बरोबर मांडला की समीकरण हातात येतं, आणि ते सोडवलं की गोळ्या १०. पण बघा, या गणितात जुळवणार काय? सिद्ध करायचं उत्तर प्रश्नातच छापलेलं होतं. मार्क होते ते सगळे तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेचे. आपल्या बोर्डातही बहुतेक मार्क वाटेचेच आहेत. फक्त उत्तर आधी छापलेलं नसतं, म्हणून मुलांना वाटतं की मार्क उत्तराचे आहेत.

भूमितीत तर हे फारच उघड आहे. वर्तुळाला स्पर्शिका काढायची रचना घ्या. मुली बाहेर येऊन विचारतात, "तुझ्या स्पर्शिकेची लांबी किती आली?" परीक्षक बघतो कंपासचे कंस. रचनेच्या खुणा पुसू नका, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते. प्रमेय सिद्ध करताना आकृती काढणं आवश्यक आहे, हीही असते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, आणि प्रत्येक विधानासमोर कारण. यातलं काहीही ग्रुपवर जुळवता येत नाही.

मात्र एका जागी शेवटचं उत्तर म्हणजेच सगळं, ते प्रश्न १ (अ) मधले चार बहुपर्यायी प्रश्न. तिथे वाट नाही, पायऱ्या नाहीत. उपप्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर लिहायचं, आणि पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं. खोडून दुसरं लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. ग्रुपवरच्या हिशेबाला काही अर्थ असलाच तर तो या चार मार्कांपुरता आहे.

आता पहिला प्रश्न. जुळवू द्यावीत का?

दोन पेपरांच्या मधे, नाही. यावर माझं मत ठाम आहे आणि त्यामागे एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. आमच्याच वर्गातली, हुशार. बीजगणिताच्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणींशी बोलताना तिला वाटलं की चार मार्कांचं एक गणित पूर्ण चुकलं. रात्रभर तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवत बसली. दुसऱ्या दिवशी भूमितीचं पुस्तक उघडलं पण डोक्यात बीजगणितच. भूमितीला चौथ्या प्रश्नातल्या एका गणिताला तिने हातच लावला नाही, सोपं असून. निकालात गणिताचे दोन्ही भाग आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० मिळून एकच आकडा दिसतो, त्यामुळे कुठे किती गेले ते कळेना. घरच्यांनी दोन्ही पेपरांच्या छायाप्रती मागवल्या. बीजगणितात ४० पैकी ३७ होते. ज्या गणितासाठी रात्र घालवली ते बरोबर होतं. भूमितीत २५. ती छायाप्रत माझ्या टेबलावर ठेवून ती मुलगी काही न बोलता बसली होती. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. पेपरच्या आदल्या दिवशी वर्गात "आजपासून एकमेकींना उत्तरं विचारायची नाहीत" एवढं एक वाक्य मी सांगायला हवं होतं. तेव्हापासून दरवर्षी सांगते.

पण वडिलांचं "विषय संपला" हेही मला पटत नाही. शेवटचा पेपर झाला की जुळवाच. फक्त ग्रुपवर नको, बसून. तीन-चार मैत्रिणी, मधे प्रश्नपत्रिका, प्रत्येकीची वही. आधी प्रत्येकीने गणित पुन्हा पूर्ण सोडवायचं, मग वह्या उघडायच्या. उत्तर वेगळं आलं तर कोणाचं बरोबर हे विचारायचं नाही, कोणत्या ओळीपासून वेगळं झालं ते शोधायचं. ती ओळ सापडली की दोघींपैकी एकीला काहीतरी नवीन कळतं, आणि ते सहसा जन्मभर विसरत नाही. 'दरम्यान' या शब्दाचा अर्थ तुमच्या मुलीच्या मैत्रिणींना मी शंभरदा सांगून कळणार नाही इतका त्या दिवशी कळेल. अकरावीला विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलींसाठी तर सुट्टीतला तो एक तास एखाद्या महिन्याच्या क्लासपेक्षा मोलाचा आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल. तो म्हणतो ते त्याच्या परीक्षेपुरतं खरं आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. सगळे बहुपर्यायी. तिथे पायरीचे मार्क नाहीत, परीक्षक नाही, शेवटचा पर्याय बरोबर की चूक एवढंच. आणि उमेदवाराला स्वतःचे प्रश्न, त्याने निवडलेले पर्याय आणि उत्तरतालिका पाहायला मिळतात, हरकतही घेता येते. तिथे न जुळवणं म्हणजे आपला हक्क सोडून देणं आहे.

२०२५ चं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या पेपरात मुलं गणित सोडवत होती, उत्तर येत होतं, आणि ते चार पर्यायांत सापडत नव्हतं. एकट्या मुलाला अशा वेळी वाटतं की आपलंच चुकलं. तो पुन्हा सोडवतो, वेळ जातो, शेवटी काहीतरी पर्याय दाबून पुढे जातो. बाहेर आल्यावर मुलं एकमेकांशी बोलली तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचं तसंच झालंय. तक्रारी गेल्या. ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. सीईटी कक्षाने त्या सत्रातल्या सुमारे २८ हजार मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेतली. मुलं गप्प घरी गेली असती तर ज्याने त्याने आपल्याच बुद्धीला दोष दिला असता. उत्तरं जुळवण्याने झालेलं हे खरं काम आहे, आणि त्यांनीही "तुझं किती आलं" एवढ्यावर न थांबता "तुला पर्यायांत सापडलं का" असं विचारलं म्हणून ते झालं.

त्याला दोन-तीन गोष्टी सांगा. वेगवेगळ्या सत्रांतले प्रश्न वेगळे असतात, त्यामुळे सकाळच्या सत्रातल्या मित्राशी दुपारच्या मुलाने काहीही जुळवू नये. मार्क आणि पर्सेंटाइल (त्याच सत्रातल्या किती टक्के मुलांचे मार्क आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत) या वेगळ्या गोष्टी आहेत. अवघड सत्रातले कमी मार्क सोप्या सत्रातल्या जास्त मार्कांच्या बरोबरीचे ठरू शकतात. जेईई मेनलाही हेच लागू. उत्तरतालिका आली की आधी लॉगिन करून आपली उत्तरं उतरवून घ्यावीत, तालिका न बघता शंकेचे प्रश्न स्वतः सोडवावेत आणि मगच ताडून पाहावं. हरकत घ्यायला पैसे पडतात, जेईई मेनला प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये. म्हणून हरकत भावनेच्या भरात नको. पूर्ण सोडवलेलं गणित कागदावर असेल आणि सूत्र पाठ्यपुस्तकात दाखवता येत असेल तर जरूर घ्यावी. हरकतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नये, त्या दिवशी संकेतस्थळ फार हळू चालतं.

आता आज रात्रीचं. मुलीचा मोबाईल हिसकावून घेऊ नका, तिच्याकडून मागून घ्या, शेवटच्या पेपरपर्यंत. आजची प्रश्नपत्रिका तिच्याच हाताने एका पाकिटात घालायला सांगा. उद्या सकाळी भूमितीची सुरुवात समरूपता किंवा वर्तुळातल्या प्रमेयांपासून नको, आज डोकं थकलंय. रचना घ्या. पट्टी, कंपास, टोक केलेली पेन्सिल, आणि तीन स्पर्शिका शांतपणे काढायच्या. हात कामाला लागला की मन आपोआप जागेवर येतं, हे मी इतक्या मुलींच्या बाबतीत पाहिलंय की तुम्हालाही दिसेल. मग निर्देशक भूमितीची सूत्रं, दुपारी त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन, संध्याकाळी प्रमेयं. रात्री दहाला दिवा बंद.

त्या पाकिटात आणखी एक कागद ठेवा. तुम्ही पाठवलेली ती तीन गणितं, तिला आठवतात तशी तिची उत्तरं, आणि मी लिहिलेला हिशेब. निकालाला आता दोन-अडीच महिने आहेत, तोवर काहीच आठवणार नाही. गणिताचे मार्क अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसले तर नुसती गुणपडताळणी करून थांबू नका. त्यात बेरीज आणि न तपासलेलं काही राहिलंय का एवढंच बघतात. आधी छायाप्रत मागवावी लागते, त्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, आणि छायाप्रत हातात आल्यावर त्यासाठी मोजकेच दिवस मिळतात. छायाप्रत आली की हा कागद शेजारी ठेवा आणि १४० चं गणित सगळ्यात आधी उघडून बघा. तिथे २३८० असेल आणि समोर तीन नसतील, तर अर्ज भरायला त्याच दिवशी शाळेत जा.